मंडप, डॉल्बी आणि पी-बेस: चार तारांच्या जुन्या बेस गिटारचं परीक्षण

स्टेजवर बेस गिटार जाणवणं वेगळं आणि ऐकू येणं वेगळं. मोठ्या डॉल्बीवर कुठलीही बेस जाणवते. छातीवर दणका बसतो, खुर्च्या थरथरतात, पण वाजलेला सूर कोणता ते कळत नाही. गायकाला मात्र तो सूर कळावाच लागतो, कारण तो त्याच्यावर उभा राहून गातो. फेंडर प्रिसिजन बेस आणि त्या नमुन्यावर इतर कंपन्यांनी काढलेल्या बेस गिटार (वादकांच्या तोंडी सरसकट ‘पी-बेस’) सत्तर वर्षांहून जास्त काळ टिकल्या त्या या एका गुणावर. कोल्हापुरातल्या ऑर्केस्ट्रात, गणेशोत्सवाच्या मंडपात, कॉलेजच्या गॅदरिंगला आणि लग्नाच्या हॉलमध्ये वाजवणाऱ्या माणसाने पहिली गंभीर बेस कोणती घ्यावी, याचं आमचं उत्तर पी-बेस हेच आहे. ते का, आणि घेतल्यावर काय सांभाळावं लागतं, ते सविस्तर सांगतो.

लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन इथे १९५१ मध्ये ही बेस बाजारात आणली. त्याआधी बेस म्हणजे माणसाच्या उंचीचा उभा डबल बेस. त्याला फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) नसतात, त्यामुळे बोट केसभर सरकलं तरी सूर हलतो. फेंडरनी मानेवर फ्रेट बसवले, सूर नेमका लागू लागला आणि नावही त्यावरूनच पडलं. तारेची लांबी, म्हणजे नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतचं (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) अंतर, ३४ इंच (८६.४ सेंमी) ठेवली. आज बहुतेक बेस गिटारची लांबी तीच आहे. पहिल्या नमुन्यात साधा एका कॉइलचा पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारं, चुंबक आणि वेटोळ्याचं यंत्र) होता. आपण आज ज्याला पी-बेस म्हणतो तो १९५७ च्या फेरबदलातून आला: दोन तुकड्यांत कापलेला स्प्लिट-कॉइल पिकअप, खुंट्यांचं पसरट डोकं, नव्या आकाराचा पिकगार्ड (बॉडीवरचं आवरण). त्यानंतर या आराखड्यात मुळातून काहीच बदललं नाही, कारण बदलण्याची गरज पडली नाही.

या बेसचं सगळं मर्म त्या पिकअपमध्ये आहे. त्याचे दोन अर्धे भाग असतात. एकावरून ई आणि ए या जाड तारा जातात, दुसऱ्यावरून डी आणि जी. प्रत्येक तारेखाली दोन चुंबकी खुंट असतात, म्हणजे एकूण आठ. जाड तारांचा अर्धा भाग मानेच्या बाजूला थोडा सरकलेला, बारीक तारांचा ब्रिजच्या बाजूला. मानेकडे तार जास्त झुलते, म्हणून तिथला आवाज गोल; ब्रिजकडे कमी झुलते, म्हणून तिथला आवाज घट्ट. अशी वाटणी झाल्यामुळे जाड तारा भरदार येतात आणि बारीक तारा पातळ न पडता स्पष्ट राहतात. दोन्ही कॉइल एकापुढे एक, सिरीजमध्ये जोडलेल्या असतात. त्यामुळे अगदी टोकाचा तीक्ष्णपणा थोडा कमी होतो आणि मधल्या पट्टीतला आवाज पुढे येतो.

मधली पट्टी एवढी महत्त्वाची का? उघड्या ई तारेचा मूळ सूर ४१.२ हर्ट्झचा, ए ५५, डी ७३.४, जी ९८. मंडपातल्या बारा किंवा पंधरा इंची स्पीकरच्या पेट्या ४१ हर्ट्झ नीट काढतच नाहीत. सबवूफर लावले तर ते काढतात, पण त्याच जागेत ऑक्टोपॅडचा किक आणि ढोलकीचा धुम्मा बसलेला असतो. कीबोर्डवाल्याचा डावा हात तिथेच. या गर्दीत मूळ सूर दबतो. कान तो सूर वरच्या स्वरांशांवरून ओळखतो. ८२, १२३, १६५ हर्ट्झचे अंश ऐकू आले की मेंदू खालचा ४१ स्वतः भरून घेतो. पी-बेस हे अंश भरपूर देते. खोलीत एकट्याने वाजवून पाहिली तर ती जराशी खडबडीत, काहीशी नाकात बोलल्यासारखी वाटते. दुकानात शेजारी ठेवलेली बॅटरीवाली बेस त्यापुढे जास्त श्रीमंत वाटते. बँडमध्ये उलटं होतं: श्रीमंत आवाज गर्दीत विरघळतो आणि पी-बेसचा खडबडीतपणा तिला वाट करून देतो. म्हणून ही बेस एकट्याने वाजवून पसंत-नापसंत करू नये. निदान एखादा ढोलकीचा ठेका मोबाइलवर मोठ्याने लावावा आणि त्याच्यासोबत ऐकावी.

दुसरा गुण विजेचा, आणि तो आपल्याकडे जास्त मोलाचा आहे. मंडपातली वीज कुठून कशी घेतलेली असेल सांगता येत नाही. जनरेटर, एलईडी वॉल, लाइटचे डिमर, रोषणाईच्या माळा सगळं एकाच वायरवर. एका कॉइलचा पिकअप हा गोंगाट अँटेनासारखा पकडतो. आपल्या विजेची घरघर ५० हर्ट्झची. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी सूर ४९ हर्ट्झचा. म्हणजे ही घरघर बेसच्या सुराला अगदी खेटून, किंचित बेसूर बसते आणि लांबवलेल्या जी सुरावर सेकंदाला एक असा हेलकावा ऐकू येतो. इतर गिटारवाल्यांना घरघर म्हणजे नुसता त्रास. बेसवाल्याचा सूरच त्यात बिघडतो. स्प्लिट-कॉइलमध्ये एका अर्ध्या भागाचं वेटोळं आणि चुंबकाचं टोक दुसऱ्याच्या उलट असतं. बाहेरून आलेली घरघर दोन्ही कॉइलमध्ये विरुद्ध दिशेने येऊन मिटते, तारेचा आवाज मात्र टिकतो. १९६० मध्ये आलेल्या जॅझ बेसमध्ये दोन स्वतंत्र एक-कॉइली पिकअप असतात. दोन्ही पूर्ण उघडे ठेवले तर तिथेही घरघर मिटते, पण एक जरा कमी केला की परत येते. पी-बेसला ही अट नाही.

तिसरा गुण म्हणजे बटणं दोनच. एक व्हॉल्यूम, एक टोन, दोन्ही सहसा २५० किलोओमचे, आणि टोनला ०.०४७ किंवा ०.०५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. बॅटरी नाही. बॅटरीवाल्या बेसमध्ये केबल टोचलेली राहिली की बॅटरी रात्रभर उतरत राहते आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाण्याला आवाज फाटायला लागतो. इथे तो प्रश्नच नाही. टोन पूर्ण उघडा ठेवला तर रॉकला लागणारा दात मिळतो. अर्धा ठेवला तर हिंदी-मराठी सिनेगीतांचा आवाज. पूर्ण बंद केला तर जुन्या रेकॉर्डमधल्यासारखा गोल, धूसर. उरलेला सगळा फरक उजव्या हाताने करायचा: मानेच्या टोकाशी छेडलं तर मऊ, पिकअपवर छेडलं तर सरळ, ब्रिजजवळ छेडलं तर टणक. लावणीचा ठेका चालू असताना पिकअपवर आणि भावगीतात मानेकडे, एवढं जमलं तरी एकाच गाण्यात दोन वाद्यांचं काम होतं.

डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे जेम्स जेमरसन १९६२ च्या पी-बेसवर जाड सपाट तारा लावून, उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचे. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत कॅरल के याच जातीच्या बेसवर पिक (छेडायची छोटी पट्टी) वापरून आणि तारांचा नाद दाबून वाजवायच्या. आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचे स्टीव्ह हॅरिस इतक्या जोरकस संगीतातही सपाट ताराच वापरतात. तीन टोकांची संगीतं, बेस एकाच आराखड्याची.

तारांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण पी-बेसचा अर्धा आवाज तारेत आहे. दोन मुख्य जाती: राउंडवाउंड, म्हणजे गोल तारेने गुंडाळलेली, बोटाला खरखरीत लागणारी, आणि फ्लॅटवाउंड, म्हणजे पट्टीने गुंडाळलेली, गुळगुळीत. मिरजेच्या सतारमेकरांच्या भाषेत सांगायचं तर राउंडवाउंड म्हणजे खुली जव्हारी आणि फ्लॅटवाउंड म्हणजे बंद जव्हारी. पहिलीत वरचे स्वरांश खुलून झणझणतात, दुसरीत सूर गोल आणि आटोपशीर राहतो. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला हा फरक एका छेडीत कळतो. ऑर्केस्ट्रात जुनी गाणी जास्त असतील, किंवा ढोलकी-तबल्याच्या जोडीला वाजवायचं असेल, तर फ्लॅटवाउंड लावावी. तिला वर्षानुवर्षं बदलावं लागत नाही. घामाने आणि बोटाच्या तेलाने राउंडवाउंड मरते तशी ही लवकर मरत नाही, उलट मुरते. फ्रेटही कमी झिजतात आणि बोट सरकल्याचा चर्र आवाज येत नाही. रॉक, मेटल, स्लॅप (अंगठ्याने तार आपटून वाजवणं) असेल तर राउंडवाउंड. जाडी ०.०४५ ते ०.१०५ इंचाचा संच बहुतेकांना पुरतो. फ्लॅटवाउंड त्याच जाडीत सहसा जास्त ताणलेली लागते, म्हणून राउंडवरून फ्लॅटवर जाताना मानेचा बाक पुन्हा मोजावा लागतो.

तार बदलताना हमखास होणारी एक चूक म्हणजे आधी कापणं आणि मग वाकवणं. जाड तार आतल्या गाभ्यावर गुंडाळलेली असते. सरळ कापली तर वरचं वेटोळं गाभ्यावर सैल होतं आणि तार कायमची मेलेली वाजते. खुंटीपासून सुमारे १० ते १२ सेंमी पुढे मोजा, तिथे काटकोनात वाकवा, वाकवलेल्याच्या पुढे कापा. ते टोक खुंटीच्या मधल्या भोकात सरळ खाली घाला आणि वरून खाली दोन-तीन वेढे द्या. वेढे खाली उतरले तर तार नटवर दाबून बसते. ते वरच राहिले तर उघडी तार झणझणते आणि माणूस उगीच नटला दोष देतो.

आता आपल्याकडचा खास प्रश्न, पट्टीचा. मराठी गायकाने ‘काळी एक’ म्हटलं की सा होतो सी शार्प. ई, ए, डी, जी या चारही उघड्या तारा काळी एकच्या शुद्ध सप्तकात बसत नाहीत, एकही नाही. म्हणजे सगळं बोटाने दाबून वाजवायचं: सा ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर, मंद्र पंचम ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर, मध्यम डी तारेच्या चौथ्यावर. एकच आडवी रांग, लक्षात ठेवायला सोपी, पण तीन तास वाजवल्यावर डावं मनगट बोलायला लागतं. ज्यांचे बहुतेक कार्यक्रम काळी एकमध्ये होतात त्यांनी चारही तारा अर्धा सूर खाली उतरवाव्यात. मग उघड्या तारा होतात डी शार्प, जी शार्प, सी शार्प, एफ शार्प, म्हणजे काळी एकचे रे, प, सा आणि म. चारही कामाच्या. ताण साधारण ११ टक्के कमी होतो. फ्लॅटवाउंड असेल तर हे फायद्याचंच. हलकी राउंडवाउंड असेल तर ई तार फ्रेटवर आपटते आणि ०.१०५ ऐवजी ०.११० घ्यावी लागते. सैल ताणामुळे मानेचा बाकही थोडा बदलतो, तोही पाहावा लागतो.

मानेची रुंदी ही पी-बेसबद्दलची खरी तक्रार. जुन्या नमुन्यात नटजवळ १.७५ इंच (४४.५ मिमी), आजच्या बऱ्याच मॉडेलमध्ये १.६२५ इंच (४१.३ मिमी), आणि जॅझ बेसची दीड इंच (३८.१ मिमी). हात लहान असेल तर हा सहा मिलिमीटरचा फरक जाणवतो. पण खरी अडचण रुंदीपेक्षा लांबीची असते. पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत सुमारे १३ सेंमी अंतर आहे. तिथे चार फ्रेटना चार बोटं ताणून ठेवायचा हट्ट धरू नये. पहिलं, दुसरं आणि करंगळी एवढ्यावर तीन फ्रेट सांभाळावेत आणि पाचव्या फ्रेटच्या पुढे गेल्यावर चार बोटं मोकळी करावीत. डबल बेसवाले हेच करत आले आहेत. लहान वयात शिकणाऱ्यांनी रुंदीवरून घाबरून पी-बेस सोडू नये, जॅझच्या मानेची पी-बेस मिळते.

दुकानातून आणलेली नवी बेस जशीच्या तशी वाजवू नये. सेटअप नसेल तर महागडी बेसही जड वाटते. क्रम महत्त्वाचा आहे: आधी सूर लावा, मग मानेचा बाक, मग तारांची उंची, मग स्वरशुद्धी, शेवटी पिकअप. उलट केलं तर प्रत्येक पायरी मागची पायरी बिघडवते.

बाक मोजायचा असा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा किंवा एका हाताने तार दाबा. मान जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबा. आता तार म्हणजे सरळ पट्टी झाली. आठव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेपर्यंत ०.३ मिमीच्या आसपास फट हवी. गॅरेजवाले वापरतात ती फीलर गेज कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतला, तिचा बाक ठरवणारा धातूचा गज) घट्ट करायचा, कमी असेल तर सैल. एका वेळी पाव फेरा, पुन्हा सूर लावायचा, थोडं थांबायचं, पुन्हा मोजायचं. रॉड जड लागला तर तिथेच सोडा आणि जाणकाराकडे न्या, जोर लावून फिरवलेला रॉड तुटला तर मानच बदलावी लागते. काही जुन्या पद्धतीच्या बेसमध्ये रॉडचं टोक बॉडीच्या बाजूला असतं आणि तिथे पोहोचायला मानेचे चार स्क्रू सैल करावे लागतात. हे घेण्याआधीच पाहून घ्यावं.

तारांची उंची सतराव्या फ्रेटवर मोजायची: ई तारेला २.४ मिमी, जी तारेला २ मिमी ही सुरुवात. जोरात छेडणाऱ्याने अर्धा मिलिमीटर वाढवावी. स्वरशुद्धीसाठी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर पाहा. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो तुकडा) मागे, उतरता असेल तर पुढे. शास्त्रीय गायक अल्लादिया खाँसाहेबांच्या कोल्हापुरात बेसूर बेस कोणी खपवून घेत नाही आणि घेऊही नये. मेलेल्या राउंडवाउंडवर ही शुद्धी कधीच नीट लागत नाही, म्हणून आधी तारा बदला.

पिकअपची उंची शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मोजायची: ई तारेखाली २.८ मिमी, जी तारेखाली २ मिमी. जवळ आणली तर आवाज वाढतो, पण चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर ई तार डळमळीत, बेसूर होते. आणखी एक बारकावा: फ्रेटबोर्ड गोलाईचा आणि पिकअपचे खुंट सपाट, त्यामुळे ए आणि डी या मधल्या तारा खुंटांपासून जरा लांब राहतात आणि किंचित कमी ऐकू येतात. ७.२५ इंच गोलाईच्या मानेवर हे जास्त जाणवतं, ९.५ इंचावर कमी. प्रत्येक अर्धा भाग आतल्या बाजूला थोडा तिरपा करून बराचसा फरक भरून निघतो. पिकअपच्या खाली स्प्रिंगऐवजी फोम असतो; काही वर्षांनी तो बसतो आणि स्क्रू सैल केला तरी पिकअप वर येत नाही. बारीक छिद्रांच्या घट्ट फोमचा नवा तुकडा घातला की काम झालं.

आपल्याकडचा पावसाळा लाकडाला सोपा नाही. जून ते सप्टेंबर हवा ओलसर, मार्च-एप्रिलमध्ये कोरडी. मान कोणत्या बाजूला झुकेल ते त्या लाकडावर अवलंबून असतं, म्हणून ठरावीक नियम सांगण्यात अर्थ नाही. वर्षातून दोनदा, पाऊस लागल्यावर आणि दिवाळीनंतर, फट मोजायची. बेस बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. ब्रिजच्या सॅडलमधले बारीक स्क्रू घामाने आणि ओलीने गंजून जाम होतात. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसणं आणि सहा महिन्यांतून एकदा स्क्रूच्या आट्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी एक ठिपका लावणं एवढ्याने ते टळतं. अॅलन की नेमक्या मापाचीच हवी. इंची स्क्रूत मिमीची किल्ली घातली की डोकं गोल होतं आणि पुढे ते काढणं महाकठीण.

बिघाड मोजकेच होतात आणि ओळखायला सोपे असतात. केबल हलवली की खरखर: जॅकची चाकी सैल झाली आहे. ती नुसती बाहेरून आवळू नका. जॅक आतल्या आत फिरतो आणि वायर पिळून तुटते. पिकगार्ड किंवा प्लेट उघडून जॅक आतून धरा, मग आवळा. बटण फिरवताना चरचर: कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस-पंचवीस फेरे. तारांना हात लावला की घरघर कमी होत असेल तर ते ठीकच आहे. तारांना लावून फरक पडत नाही पण जॅकच्या धातूला लावला की घरघर थांबते, तर ब्रिजखालची अर्थिंगची वायर सुटली आहे. पिकअप बदलून आणला आणि नव्याने घरघर सुरू झाली, आवाज मात्र नेहमीसारखाच, तर एका अर्ध्या भागाच्या दोन वायरी उलट्या जोडल्या गेल्या आहेत. प्रत्येक तार एकाच कॉइलवर असल्यामुळे उलटी जोडणी आवाजात कळत नाही, फक्त घरघर मिटायची थांबते. हे माहीत नसलेला कारागीर पिकअपच खराब ठरवतो.

ई किंवा जी तार मानेच्या कडेवरून घसरत असेल तर मान तिरकी बसली आहे. तारा थोड्या सैल करा, मागचे चार स्क्रू अर्धा फेरा सैल करा, मान हाताने सरळ ओढा, पुन्हा आवळा. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विझतो, तो बिघाड नव्हे. या बांधणीच्या मानेत तो बहुतेक वेळा असतोच, कारण मान त्या कंपनसंख्येला स्वतःच थरथरते आणि तारेची शक्ती खाते. डोक्याला छोटं वजन चिमटलं की तो जरा सरकतो. तोच सूर डी तारेवर वाजवणं जास्त सोपं.

मंडपात जोडतानाच्या दोन गोष्टी. पहिली जिवाची: अर्थिंग नसलेल्या बोर्डावर अँप लावलं तर तारा आणि माइक यांच्यात करंट येतो आणि ओठ माइकला लागताच झटका बसतो. वाजवण्याआधी तारांना टेस्टर लावून पाहा. दिवा लागला तर साउंडवाल्याला सांगून लाइन बदलून घेतल्याशिवाय हात लावू नका. दुसरी आवाजाची: पी-बेस थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला टोचू नये. तिथला रोध दहा-वीस किलोओमचा असतो आणि त्यात पिकअपचा वरचा आवाज मरतो, मग बेस चिखलात रुतल्यासारखी येते. मध्ये डीआय बॉक्स (बेसचा आवाज मिक्सरला जुळवून देणारा छोटा डबा) हवा, आणि त्याचा इनपुट रोध एक मेगाओमच्या आसपास असावा. साउंडवाल्याकडे डीआय असेल असं गृहीत धरू नये, स्वतःचा पिशवीत ठेवावा. मिक्सरवर ४० हर्ट्झच्या खाली लो-कट (खालचा आवाज कापणारा फिल्टर) लावायला सांगा. डॉल्बीचे सब मोकळे होतात आणि बेस उलट जास्त स्पष्ट होते. ‘खालचं अजून वाढवा’ ही मागणी बहुतेक वेळा चुकीची असते, हवं असतं ते २०० ते ४०० हर्ट्झच्या आसपासचं.

मॉडेलबद्दल आमचा कौल असा. फेंडरच्याच स्वस्त ब्रँडची, स्क्वायरची अॅफिनिटी पीजे ही सुरुवातीची निवड. बॉडी पॉपलरची, पिकअप सिरॅमिक चुंबकाचे, मान जॅझच्या ३८ मिमी रुंदीची, म्हणून लहान हातांना सोयीची. ब्रिजजवळ एक जॅझ पिकअप जादा आहे. त्याचा आवाज पी-पिकअपपेक्षा कमी असतो आणि एकटा उघडला तर घरघरतो. आपल्या कामाला पी-पिकअप पूर्ण आणि जॅझ चिमूटभर एवढाच पुरतो. फ्रेटची टोकं हाताला बोचत नाहीत ना ते दुकानातच पाहा.

स्क्वायर क्लासिक व्हाइब सिक्स्टीज प्रिसिजन ही आमच्या मते पैशाला सर्वांत जास्त न्याय देणारी. इंडोनेशियात बनते, अल्निको चुंबकांचा स्प्लिट-कॉइल, ९.५ इंच गोलाई, आणि फ्रेटबोर्डला इंडियन लॉरेल, म्हणजे आपल्या राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात दिसतो तो ऐन. शिसवीवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध २०१७ मध्ये कडक झाल्यावर हे लाकूड गिटारमध्ये सर्रास दिसू लागलं. वाद्यांना पुढे सूट मिळाली, पण ऐन टिकला. कोरडा पडला तर फिकट दिसतो. वर्षातून एकदा हलकं तेल द्यावं. या बेसवर फ्लॅटवाउंड चढवली आणि टोन अर्ध्यावर आणला की जुन्या गाण्यांना नाद खुळा आवाज निघतो.

मेक्सिकोत बनणारी फेंडर प्लेयर टू प्रिसिजन २०२४ मध्ये आली. शिसवी फ्रेटबोर्ड परत आला, कडा गोल केल्या आहेत, बॉडी ऑल्डरची. हाताला फरक लगेच कळतो, माइकमागून ऐकणाऱ्याला कमी कळतो. आठवड्याला कार्यक्रम करणाऱ्याने घ्यावी. शिकणाऱ्याने तेवढे पैसे क्लासिक व्हाइब, चांगला डीआय आणि व्यवस्थित सेटअप यात विभागावेत. यामाहाची बीबी ४३४ ही फेंडर नसूनही याच घराण्याची: पी आणि जॅझ दोन्ही पिकअप, दोन व्हॉल्यूम, एक टोन, बॅटरी नाही, आणि तारा बॉडीतून ओवायची सोय. एकाच बेसवर स्लॅपही हवा असेल त्याने ही पाहावी.

पाच तारांची गरज असलेल्यांनी, सतत स्लॅप वाजवणाऱ्यांनी आणि वरच्या फ्रेटवर सोलो करणाऱ्यांनी पी-बेस घेऊ नये. वीसच फ्रेट आहेत आणि शेवटच्या तीन-चारांपर्यंत हात अवघडून जातो.

जुनी बेस घेत असाल तर मल्टिमीटर खिशात ठेवा. व्हॉल्यूम पूर्ण उघडा, केबल टोचा, दुसऱ्या टोकाला रोध मोजा. अल्निको पी-पिकअपला १० किलोओमच्या आसपास आकडा यायला हवा. अर्धाच आला तर एक कॉइल आतून शॉर्ट आहे, दोन तारा मेलेल्या वाजतील. २५० च्या आसपास आला तर कॉइल तुटलेली आहे आणि मीटरला फक्त व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा रोधक) दिसतो आहे. सिरीज जोडणीमुळे एक तुटली तरी सगळा आवाज जातो. मग डोळ्याजवळ धरून मानेकडे बंदुकीसारखं पाहा, पीळ दिसला तर कितीही स्वस्त असली तरी सोडा, कारण पीळ ट्रस रॉडने निघत नाही. ट्रस रॉड दोन्ही बाजूंना थोडा फिरतो का ते विक्रेत्यासमोरच तपासा. डोक्यावर फेंडरचा लोगो आहे म्हणून भाव देऊ नका. मान उघडून तळाचा शिक्का आणि मागचा नंबर पाहू देत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.